डलिचचं चित्रदालन आणि १९७१ची विक्री : पार्श्वभूमी

दक्षिण लंडनमधल्या डलिचच्या चित्रदालनात पाऊल टाकलं की खोलीतून खोली दिसत जाते. उजेड वरून, छतातल्या खिडक्यांतून झिरपतो. रेम्ब्रां, रूबेन्स, पूसां यांची चित्रं इथे गर्दीशिवाय, अगदी हातभर अंतरावरून बघता येतात. याच संग्रहातलं एक चित्र १९७१मध्ये विकलं गेलं. ते विकणं योग्य होतं का, हा इथला प्रश्न आहे.

या संग्रहाची खरेदी मुळात पोलंडसाठी सुरू झाली. १७९०मध्ये तिथल्या राजाने लंडनच्या दोन चित्रव्यापाऱ्यांना राष्ट्रीय संग्रह जमवायला सांगितलं. पाच वर्षांत शेजारच्या सत्तांनी पोलंड वाटून घेतलं, राजा पायउतार झाला आणि चित्रं व्यापाऱ्यांच्या गळ्यात पडली. एकगठ्ठा घेणारं गिऱ्हाईक मिळेना. पुढे त्यांनी काही विकली, काही नवी घेतली. म्हणून आजच्या संग्रहाला सरसकट ‘पोलंडच्या राजाची चित्रं’ म्हणणं चूक आहे. १८०७मध्ये एक भागीदार गेला. दुसऱ्याने १८११मध्ये मरताना सगळा संग्रह डलिचच्या शाळेच्या हवाली केला, पण लोकांना बघता यावा म्हणून. वास्तुविशारद जॉन सोनने बांधलेलं दालन १८१७मध्ये सर्वांना खुलं झालं, म्हणजे लंडनच्या नॅशनल गॅलरीच्याही सात वर्षं आधी. दोघे भागीदार आणि त्यांच्यातल्या एकाची पत्नी याच इमारतीत चिरविश्रांती घेत आहेत. त्या छोट्या समाधीत मधाच्या रंगाच्या काचांतून उजेड येतो आणि तिथे आवाज आपोआप खाली येतो.

या ‘हवाली’ शब्दातच पुढची सगळी गुंतागुंत आहे. शाळा चित्रांची मालक झाली की राखणदार? दीडशे वर्षं हा प्रश्न फारसा टोचला नाही. १९७१मध्ये दालनासाठी पैसा उभा करायचा म्हणून इटलीतल्या बोलोन्याच्या डोमेनिकिनो या चित्रकाराचं ‘मेंढपाळांचं वंदन’ हे चित्र विकलं गेलं आणि तो प्रश्न ऐरणीवर आला. चित्र स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतलं. विक्रीच्या बाजूनेही बोलता येतं. छप्पर गळत असेल तर भिंतीवरचं चित्र वाचवायचं कसं? शिवाय चित्र कुणाच्या खाजगी दिवाणखान्यात गेलं नाही, लोकांसमोरच राहिलं.

तरीही मला तो निर्णय चुकलेला वाटतो. आपल्याकडे देवस्थानाच्या इनाम जमिनीचा पुजारी वहिवाटदार असतो, मालक नसतो. उत्पन्नावर त्याचा हक्क असेल, जमीन विकण्यावर नाही. इथेही देणाऱ्याचा हेतू स्पष्ट होता. खर्चासाठी एक चित्र विकलं की पुढच्या अडचणीला दुसऱ्यावर नजर जाते. डोमेनिकिनोचं एवढं मोठं काम गेल्यावर राहिलेल्या इटालियन चित्रांची सोबतही तुटते, हे नुकसान हिशोबाच्या वहीत दिसत नाही.

त्याआधी आणि नंतरही दालनाने बरंच सोसलं. १९४४मध्ये जर्मन उडत्या बॉम्बने इमारत फोडली. दालन पुन्हा उघडलं १९५३मध्ये. १९६६मध्ये एका रात्रीत आठ चित्रं चोरीला गेली आणि परत मिळाली. त्यातलंच रेम्ब्रांने १६३२मध्ये रंगवलेलं याकोब द हेन या तरुणाचं व्यक्तिचित्र १९७३, १९८१ आणि १९८३मध्ये पुन्हा चोरलं गेलं. लाकडी फळीवरचं हे चित्र जेमतेम ३० सेंटिमीटर उंच, काखेत मावणारं. १९८३चा चोर छतातल्या त्याच काचेतून उतरला, जिच्यातून चित्रांवर उजेड पडतो. तीन वर्षांनी ते जर्मनीत म्युन्स्टरच्या रेल्वे स्टेशनवर, सामान ठेवायच्या फळीवर सापडलं.

१९९४मध्ये दालन शाळेपासून वेगळं होऊन स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे गेलं. मालक की राखणदार, या प्रश्नाला निदान कागदोपत्री उत्तर मिळालं. याकोब आज डलिचमध्ये परत आहे. डोमेनिकिनोचे मेंढपाळ बघायचे तर एडिंबरा गाठावं लागतं.