कंपन चाळणी (खतनिर्मिती)

कंपन चाळणी : दाणेदार खताच्या कारखान्यात दाणे आकारानुसार वेगळे करणारे यंत्र. कामगारांच्या तोंडी ‘व्हायब्रो स्क्रीन’ किंवा नुसतेच ‘स्क्रीन’. स्वयंपाकघरातली रव्याची चाळणी करते तेच काम ही करते. फक्त हलवायला हाताऐवजी मोटर असते आणि वर उरलेला कोंडा येथे टाकून देत नाहीत.

नाशिक जिल्ह्यात पाण्यात विरघळणारी आणि दाणेदार अशा दोन्ही तऱ्हांची खते खपतात. द्राक्षबागायतदार ठिबकमधून 19:19:19 किंवा 0:52:34 सोडतो (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांच्या टक्केवारीचे). ते पाण्यात विरघळणार असल्याने दाण्याच्या आकाराला तेथे फारसे महत्त्व नाही. कांदा, मका, सोयाबीन यांना मात्र 10:26:26 किंवा डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) दाण्याच्या रूपातच पडते. पेरणीयंत्राच्या नळीत भुकटी गेली तर नळी तुंबते. लहानमोठे दाणे एकत्र असले तर वाहतुकीच्या हादऱ्यांनी बारीक दाणे खाली बसतात आणि वावरात खत एकसारखे पडत नाही. म्हणूनच खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार डीएपीचे निदान 90 टक्के दाणे 4 मिमी चाळणीतून पडणारे व 1 मिमी चाळणीवर राहणारे असावे लागतात. 1 मिमीपेक्षा बारीक माल 5 टक्क्यांहून अधिक चालत नाही.

दाणे बनवणाऱ्या ड्रममधून निघालेला ओला माल ड्रायरमधून सुकून चाळणीवर येतो. चाळणीला बहुधा एकाखाली एक अशा दोन जाळ्या असतात. वरच्या जाळीवर अडकलेली ढेकळे क्रशरकडे, म्हणजे ती फोडणाऱ्या यंत्राकडे, जातात. खालच्या जाळीतून गळलेली भुकटी थेट ड्रमकडे परत जाते. दोहोंच्या मधला माल तेवढा विक्रीचा. लासलगावच्या बाजारात कांद्यातून गोल्टी, म्हणजे अगदी लहान कांदे, बाजूला काढतात, तसाच हा प्रकार. पण गोल्टी कमी भावाने का होईना विकली जाते, भुकटी मात्र परत ड्रममध्ये जाऊन नव्या दाण्याचे बीज होते. तिच्याभोवती थर चढत जातात.

हा परतीचा माल थोडाथोडका नसतो. डीएपी किंवा एनपीके (नत्र-स्फुरद-पालाशयुक्त) खताच्या कारखान्यात तयार मालाच्या तीन ते पाच पट माल फिरत राहणे नेहमीचे आहे. म्हणजे तासाला 20 टन खत बाहेर पडावे म्हणून चाळणीवरून 80 ते 120 टन माल जाऊ शकतो. ‘चाळणी म्हणजे शेवटची सफाई’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. चाळणी नीट चालली नाही तर चांगले दाणेही क्रशरमध्ये किंवा ड्रममध्ये परततात, ड्रमला बीज कधी कमी तर कधी जास्त मिळते आणि अख्ख्या कारखान्याचा तोल जातो.

कंपनाची युक्ती साधी आहे. मोटरच्या आसावर मुद्दाम एका बाजूला वजन बसवलेले असते. ते फिरले की स्प्रिंगांवर तोललेली पेटी हादरते. मिनिटाला 960 फेरे आणि मध्यापासून 3 मिमी हेलकावा धरला, तर जाळीचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 3 पट भरतो. एवढ्या झटक्याने दाणा जाळीवरून उडतो, जरा पुढे पडतो, पुन्हा उडतो. दर उडीत त्याला भोकातून जाण्याची नवी संधी मिळते. थर उसळत असल्याने बारीक दाणे वाट काढत तळाशी येतात. भोकापेक्षा बरेच लहान दाणे पहिल्या काही उड्यांतच गळतात. त्रास देतात ते जवळजवळ भोकाएवढेच दाणे. ते जातही नाहीत, हटतही नाहीत, भोकात रुतून बसतात. त्यासाठी जाळीखाली रबरी गोळे ठेवतात. ते उडून जाळीला खालून टपल्या मारत राहतात. शिवाय जाळी तिरकी असल्याने वरून पडणाऱ्या दाण्याला भोक थोडे लहानच भेटते. 20 अंश उतारावर 4 मिमीचे भोक जेमतेम पावणेचार मिमीचे उरते, म्हणून जाळी निवडताना किंचित मोठे भोक घेतात.

पेटी कशी हलते हे पाहायला जुने फिटर एक झकास उपाय करतात. पेटीच्या बाजूला कोरा कागद चिकटवायचा आणि हात स्थिर धरून पेन्सिलीचे टोक त्यावर क्षणभर टेकवायचे. चक्राकार कंपन असेल तर वर्तुळ उमटते, सरळ कंपन असेल तर तिरकी रेघ. चारही कोपऱ्यांवर आकृती सारखी आली नाही तर एखादी स्प्रिंग बसलेली असते किंवा वजन सरकलेले असते. बंद करताना चाळणी शेवटी दोन-चार वेळा जोरात डुलते. नवख्याला ती मोडली असे वाटते. वास्तविक वेग उतरताना स्प्रिंगांच्या स्वाभाविक कंपनाशी मेळ बसतो, एवढेच.

खरी परीक्षा पावसाळ्यात. 30 अंश सेल्सिअसला युरिया साधारण 73 टक्के आर्द्रतेच्या पुढे हवेतले पाणी ओढू लागतो, डीएपी 82 टक्क्यांच्या आसपास. श्रावणातल्या नाशिकमध्ये सकाळची आर्द्रता सहज याच्या वर जाते. माल चिकटतो आणि जाळी ‘चोक’ होते, म्हणजे तुंबते. घाईत कोणी सळईने जाळी ठोकतो, एखादी तार तुटते आणि त्या फटीतून ढेकळे थेट पोत्यात जातात. ओल्या कंपोस्टला, अगदी नाशिकजवळच्या पाथर्डीच्या खत प्रकल्पात होते तशा कचऱ्याच्या खतालाही, सपाट कंपन चाळणीपेक्षा फिरते नळकांडे, म्हणजे ट्रॉमेल, अधिक सोसते. माल त्यात उलटापालटा होत राहतो आणि भोके तुलनेने मोकळी राहतात.