शतपावली निराळी, फिरणे निराळे

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे साडेपाचला गेल्यास शहरातले सगळे मधुमेही तिथेच जमले असावेत, असे वाटते. चौघे-चौघे रस्ता अडवून चाललेले असतात, सोयाबीनच्या भावावर चर्चा रंगलेली असते, आणि मुद्दा अटीतटीला आला की सगळेच जागच्या जागी थांबतात. परतताना गाड्यावर साखरेचा चहा होतो आणि डॉक्टरांना सांगितले जाते, "रोज तासभर फिरतो." रात्री मात्र भाकरी खाल्ली की थेट अंथरूण. शतपावलीचे विचारले तर उत्तर ठरलेले असते : "सकाळचं फिरणं झालंय की!" हे उत्तर ऐकून ऐकून मी कंटाळलो आहे.

फिरायला जाणे म्हणजे काय, हे फारसे सांगायला नको. आठवड्याला किमान १५० मिनिटे, ती निदान ३ दिवसांत वाटलेली, आणि सलग २ दिवसांपेक्षा जास्त खाडा नाही, हे टाइप २ मधुमेहाचे प्रमाण बहुतेकांना पाठ असते. विसर पडतो तो वेगाचा. मिनिटाला साधारण १०० पावले पडावीत, बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला पाहिजे. मोबाइलवर १०,००० पावले झाल्याचे दाखवत फिरणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, तो आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो कोणा वैद्याने लिहून दिलेला नाही.

खरी गफलत पुढेच आहे. जेवणानंतर साधारण तास-दीड तासात रक्तातली साखर सर्वांत वर चढते, आणि मधुमेहात इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्यामुळे ती वरच रेंगाळते. अशा वेळी पाय चालू लागले की मांडी-पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात, त्यांच्या पेशींमधले ग्लूट-४ नावाचे साखर वाहून नेणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि रक्तातली साखर आत ओढून घेते. यासाठी त्याला इन्सुलिनच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे शतपावलीचा सगळा गुण तिच्या वेळेत आहे. पहाटे उपाशीपोटी चाललेली तीच १५ मिनिटे रात्रीच्या जेवणाचा चढ उतरवू शकत नाहीत, कारण तो चढ तोवर येऊन गेलेला असतो.

झपझप फिरण्याचा गुण निराळा. त्यात स्नायूंमधला साखरेचा साठा खर्ची पडतो आणि पुढचा एक दिवस, कधी तीन दिवसांपर्यंतही, इन्सुलिनचे काम सुधारते; सलग खाडा नको म्हणतात तो यासाठीच. रमतगमत केलेल्या शतपावलीला हे साधत नाही. उलट, शतपावलीच जरा वेगाने केली तर ती मिनिटे १५० मध्ये खुशाल धरावीत, पण भरल्या पोटी फार घाई मानवत नाही.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला यासाठीच आवडतो. टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांना काही दिवस रोज केव्हाही ३० मिनिटे, तर काही दिवस तिन्ही मुख्य जेवणांनंतर १०-१० मिनिटे चालायला सांगितले होते. मिनिटे तेवढीच, तरी जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. जिथे आपण अंथरूण गाठतो, नेमका तिथेच फायदा अधिक. विश्वास बसत नसेल तर दोन दिवस सारखीच भाकरी-पिठले खाऊन, एकदा बसून आणि एकदा चालून, दीड तासाने घरच्या यंत्रावर साखर मोजून पाहावी.

शतपावली या नावानेही घात केला आहे. मिनिटाला १०० या वेगाने शंभर पावले जेमतेम एका मिनिटात संपतात; चालायची आहेत ती १० ते १५ मिनिटे, तीही टीव्हीवरची मालिका संपल्यावर नव्हे, तर हात धुतल्यावर थोड्याच वेळात. मे महिन्यात रात्री नऊलाही रस्ता तापलेला असतो, तेव्हा गच्चीवर किंवा ओसरीवर येरझाऱ्या घातल्या तरी चालते.

वावरात दिवसभर राबणाऱ्यांचे श्रम मी मोजतोच, पण खुरपणीच्या बैठ्या कामाने रात्रीच्या जेवणाचा चढ उतरत नाही. दवावर अनवाणी चालण्याचे खूळ मात्र मला अजिबात मान्य नाही, कारण मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असल्यास काटा रुतलेलाही कळत नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर हा फरक आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावा लागतो. उपाशीपोटी दीर्घ, झपझप फिरताना साखर ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली उतरण्याची भीती जेवणानंतरच्या चालण्यापेक्षा अधिक असते, म्हणून पहाटे निघताना साखर मोजावी, ९० च्या आत असेल तर काही खाऊन निघावे आणि खिशात ग्लुकोजची पुडी असू द्यावी. हात थरथरू लागले, घाम फुटला, तर सोयाबीनचा भाव अर्ध्यावर सोडून आधी ती पुडी तोंडात टाकावी.