गाठ कशाची होती?

सकाळी 9 वाजून 10 मिनिटांनी फोन थरथरला तेव्हा मी डोंबिवलीच्या पुढे, लेडीज डब्यात, एका हाताने कडी धरून उभी होते. पडद्यावर एकच शब्द : ‘विमा’. अंगठ्याने तो बाजूला सारला. मनात म्हटलं, ऑफिसात पोचले की बघते. स्कूटरच्या विम्याचा रिमाइंडर होता तो, मीच लावलेला. पुढे तो आठवला थेट तीन आठवड्यांनी, सिग्नलला हवालदाराने कागद मागितल्यावर. दंड 2000 रुपये. (पुन्हा सापडलात तर 4000.)

राग याचा आला की ‘विसरले’ म्हणायचीही सोय नव्हती. रिमाइंडर लावला होता, तो वाजला होता, मी तो वाचलाही होता.

आमची आजी लक्षात ठेवायच्या कामासाठी लुगड्याच्या पदराला गाठ मारायची. ‘खूणगाठ’ हा शब्द आपण आता मनापुरताच वापरतो, पण तिची गाठ खरी असायची, बोटाला लागणारी. एकदा दिवेलागणीला ती गाठ तिच्या हाताला लागली आणि तिने आईला विचारलं, “अगं, ही गाठ कशाची गं?” कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पिठाचा डबा रिकामा निघाला तेव्हा उलगडा झाला : दळण टाकायचं राहिलं होतं. गाठीने तिचं काम चोख केलं होतं. काहीतरी करायचंय, एवढं तिने आठवून दिलं. काय करायचंय, ते गाठीत मावत नाही.

स्मृतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ नेमके हेच दोन भाग वेगळे काढतात. पुढे करायच्या कामाची आठवण ठेवणं, याला ते ‘प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी’ म्हणतात. तिचा एक भाग म्हणजे काहीतरी करायचं आहे याची योग्य वेळी जाग येणं. दुसरा भाग म्हणजे ते काम नेमकं काय, हे आठवणं. दुसऱ्या भागात आपण सहसा ठीक असतो. कुणी विचारलं असतं, “विमा भरलास का?”, तर मी ताडकन सांगितलं असतं की भरायचाय. पण विचारायला कुणी नव्हतं. परीक्षेत प्रश्नपत्रिका निदान हातात तरी देतात. इथे प्रश्न आपणच, आपल्यालाच, बरोबर वेळेला विचारायचा असतो, तेही डोकं भलत्याच कामात गुंतलेलं असताना. या खटाटोपात मेंदूचा अगदी पुढचा, कपाळामागचा भाग कामाला लागतो, असं मेंदूच्या स्कॅनमधून आणि तिथे इजा झालेल्या रुग्णांच्या अभ्यासातून दिसलं आहे. असे काही रुग्ण बुद्धीच्या चाचण्या झकास सोडवतात आणि बाजारात गेल्यावर ठरवलेली चार कामं काही त्यांच्याकडून होत नाहीत.

1990 मध्ये आइन्स्टाइन (ते नव्हेत, हे दुसरे) आणि मॅकडॅनियल या अमेरिकी संशोधकांनी या आठवणीचे दोन प्रकार मांडले. एक खुणेवर टेकलेली, दुसरी घड्याळावर टेकलेली. फरक कळायला आपलं स्वयंपाकघर पुरे आहे. “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर,” हा पहिला प्रकार. “वीस मिनिटांनी गॅस बंद कर,” हा दुसरा. कुकर स्वतः ओरडून सांगतो. मंद आचेवर ठेवलेली खीर काही सांगत नाही, ती सरळ लागते.

घड्याळाचं काम आपण करतो तरी कसं, यावर 1985 चा एक गोड प्रयोग आहे. सेसी आणि ब्रॉन्फेनब्रेनर यांनी 10 आणि 14 वर्षांच्या मुलांना सांगितलं की ओव्हनमधले कपकेक 30 मिनिटांनी बाहेर काढायचे, तोवर खेळा. मुलं घड्याळाकडे कधी बघतात, याची नोंद ठेवली. घरात असलेल्या मुलांनी पहिल्या काही मिनिटांत भरपूर वेळा पाहिलं, मधल्या काळात जवळजवळ नाहीच, आणि शेवटी शेवटी पुन्हा सारखं. म्हणजे सुरुवातीला त्यांनी आपल्या मनातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं, मग बिनधास्त खेळली. अनोळखी प्रयोगशाळेतल्या मुलांना असं निवांत होणं जमलं नाही. त्यांच्या नजरा घड्याळाकडे वाढतच गेल्या.

अर्ध्या तासापुरतं हे ठीक. स्कूटरच्या विम्याला वर्ष असतं. वर्षभर मनातलं घड्याळ कुणाचं चालतं? फोनचा रिमाइंडर इथे खरंच मोलाचं काम करतो : घड्याळावरचं काम उचलून तो खुणेवर आणून ठेवतो. तारखेची शिट्टी करतो म्हणा ना. पण शिट्टी ऐकणारा माणूस गॅसजवळ असावा लागतो. मी दिवा स्टेशनच्या अलीकडे गर्दीत होते.

“पोचले की बघते” या तीन शब्दांतच सगळं सांडलं. आइन्स्टाइन-मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांनी पुढे हेही तपासलं. खूण दिसली, काम आठवलं, पण ते लगेच न करता थोडं थांबायला लावलं, आणि त्या वेळात डोक्याला दुसरं काम दिलं. थांबणं मिनिटाच्याही आतलं होतं. तेवढ्यात धडधाकट तरुणांच्या हातूनही काम सुटू लागलं. आठवलं म्हणजे झालं, असं आपल्याला वाटतं खरं, पण ती आठवण हातात धरलेल्या पाण्यासारखी असते.

यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी सुचवलेला उपाय जुना आणि बऱ्याचदा तपासलेला आहे. नुसता निश्चय करू नका, ‘अमुक घडलं तर तमुक करीन’ असं बांधून टाका. 2006 मध्ये त्यांनी आणि शीरन यांनी 94 चाचण्या एकत्र करून पाहिल्या. अशा बांधलेल्या निश्चयाचा परिणाम चांगलाच भरीव निघाला. मराठीत हे सूत्र आपण दिवसभर बोलत असतो. त्याचं नाव ‘की’. शिट्ट्या झाल्या की, दूध उतू आलं की, बेल वाजली की.

मग माझ्याही वाक्यात ‘की’ होता, त्याचं काय? नीट बघा. ‘ऑफिसात पोचले’ ही कसली खूण? गेट, लिफ्ट, हजेरीचं मशीन, चहा, साहेबांची हाक, यातलं पोचणं नेमकं कुठलं? आणि ‘बघते’ ही तर क्रियाच नव्हे. मराठी घरात ‘बघते’ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्याऐवजी ‘जेवणाचा डबा बंद केला की, जागेवरून न उठता, फोनवरून विमा भरायचा’ असं ठरवलं असतं तर 2000 रुपये वाचायची आशा तरी होती.

खूण निवडतानाही एक गोम आहे : ती जरा विचित्र हवी. टॉड रॉजर्स आणि कॅथरीन मिल्कमन यांनी 2016 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात कॉफीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना पुढच्या भेटीत वापरायचं कूपन दिलं. काहींना सांगितलं की त्या दिवशी गल्ल्यापाशी परग्रहावरच्या प्राण्याची बाहुली उभी असेल, ती दिसली की कूपन आठवा. त्यांनी कूपनं जास्त वापरली. नुसत्या गल्ल्याकडे बघून कुणाला काय आठवणार? तो तर रोजचाच. फ्रिजवरची चिठ्ठी चौथ्या दिवशी फ्रिजचाच भाग होते आणि रोज दहादा किणकिणणारा फोनही तसाच. हॉस्पिटलच्या आयसीयूत तर सतत वाजणाऱ्या अलार्मना कान सरावतात, ही जगभरची डोकेदुखी आहे. तिला ‘अलार्म फटीग’ असं नावच पडलंय.

आता मुदतीबद्दल. इथे आपला अंदाज जवळजवळ हमखास चुकतो. सुझन शू आणि उरी ग्नीझी यांनी 2010 च्या एका अभ्यासात लोकांना बेकरीतल्या खाऊची कूपनं दिली, काहींना 3 आठवड्यांच्या मुदतीची, काहींना 2 महिन्यांची. लोकांना वाटलं, मुदत लांब तर वापर जास्त. झालं उलटं. 3 आठवडेवाल्यांपैकी 31 टक्क्यांनी कूपन वापरलं, 2 महिनेवाल्यांपैकी फक्त 6 टक्क्यांनी. म्हणजे फुकट केक खायचंसुद्धा लोक उद्यावर टाकतात. 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? त्यांनी सरासरी 34 दिवस सांगितले आणि लागले सुमारे 55.

आमच्या बाबांच्या हयातीच्या दाखल्याचं हेच होतं. त्यासाठी अख्खा नोव्हेंबर महिना असतो, म्हणून ते म्हणतात, “दिवाळी झाली की जाऊ.” ‘की’ आहे, पण दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरच्या मध्यावर. तिच्यामागे भाऊबीज, पाहुणे, मग थकवा, मग 28 तारीख. आयुर्विम्याच्या हप्त्याला वार्षिक असेल तर 30 दिवसांची सवलत मिळते. ती कळली की आपण त्या तिसाव्या दिवसालाच खरी मुदत मानू लागतो. म्हणून शेवटच्या तारखेचा रिमाइंडर लावणं मला आता निरर्थक वाटतं. तो फक्त बातमी देतो. काम जिथून सुरू होतं, तो दिवस लावावा. कागद शोधायचे असतील तर शोधायचा दिवस.

सगळं फोनवर सोपवून डोकं गंजेल, ही भीती मला फारशी पटत नाही. उलट, कामं उतरवून ठेवली की डोकं मोकळं होतं, असं दिसतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 57 तरुणांपैकी सुमारे निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहून काढली, बाकीच्यांनी झालेली कामं लिहिली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी 9 मिनिटं लवकर झोप लागली.

आईकडे अजून भिंतीवरचं कालनिर्णयच चालतं. दुधाचे खाडे, सिलेंडर लावल्याची तारीख, भिशी. ते टांगलंय ओट्याशेजारी, सिलेंडरच्या अगदी डोक्यावर. तिला मी हे प्रयोगबियोग सांगितले तर ती म्हणाली, “मग आणखी कुठे टांगायचं?”

स्कूटरचा रिमाइंडर मी नव्याने लावला. रविवार, सकाळी 11, मुदतीच्या तीन आठवडे आधीचा. मजकूर : ‘स्कूटरचा विमा. जुनी पॉलिसी फोनमध्ये गाडी फोल्डरला. आत्ता भर.’ तो वाजला तेव्हा दोन्ही हात कणकेत होते. कोपराने आवाज बंद केला, पण पडद्यावरची ओळ सारली नाही. हात धुऊन, पुसून, 11 वाजून 20 मिनिटांनी पैसे भरले. पोळ्या जरा उशिरा झाल्या.