'कॅचर इन द राय'च्या मागची अमेरिका

'कॅचर इन द राय' या अमेरिकन कादंबरीचा नायक होल्डन कोलफील्ड म्हटलं की श्रीमंताघरचा, चिडका, शाळेतून काढून टाकलेला पोरगा एवढंच बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, आणि मराठीत तर 'कोसला'शी तुलना झाली की विषय तिथेच मिटतो. पण १९४१ ते १९५१ ही दहा वर्षं शेजारी ठेवून पुस्तक पुन्हा वाचा, मला तरी त्यानंतर त्याच्या चिडचिडीचा राग आला नाही, काळजीच वाटायला लागली.

पुस्तक आलं जुलै १९५१ मध्ये, पण होल्डन त्याच्या बराच आधीचा. त्याच्यावरची एक कथा 'न्यूयॉर्कर' मासिकाने १९४१ मध्येच घेतली होती, तेवढ्यात डिसेंबरात पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला आणि कथा जी पडून राहिली ती थेट डिसेंबर १९४६ मध्ये छापली गेली. मधल्या काळात लेखक जे. डी. सॅलिंजर सैन्यात होता. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या युटा बीचवर उतरला, नंतर ह्युर्टगेनचं जंगल, नंतर बल्जची लढाई, आणि १९४५ मध्ये मन पार कोलमडलं म्हणून न्यूरेंबर्गला हॉस्पिटलात. एवढं सगळं बघून आलेला माणूस कादंबरी लिहितो आणि तिच्यात युद्ध जवळपास येतच नाही! येतं ते मोठ्या भावाच्या, डी. बी.च्या निमित्ताने, तो सुट्टीवर घरी आला की नुसता पलंगावर पडून असायचा, बाहेर बसायच्या खोलीतसुद्धा फारसा यायचा नाही, बस, एवढंच.

कारण तेव्हा देशात युद्धाबद्दल बोलायला वेळच नव्हता. १९४४ च्या जीआय बिलामुळे, म्हणजे युद्धावरून परतलेल्यांना मदत देणाऱ्या कायद्यामुळे, सुमारे ७८ लाख माजी सैनिक शिक्षण नाहीतर ट्रेनिंग घेऊन गेले, १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेविटाउन हे नवं उपनगर उभं राहिलं, चार-पाच वर्षांत १७,००० च्या वर घरं, सगळी जवळपास एकाच साच्यातली (काळ्या कुटुंबांना तिथे घरच मिळत नव्हतं, हे सोडून तो काळ शिकवूच नये). नोकरी, घर, मुलं, चला पुढे. आणि त्याच १९४७ मध्ये हॉलिवूडमधले कम्युनिस्ट शोधायला संसदेच्या समितीची चौकशीही सुरू झाली, म्हणजे चारचौघांसारखं राहण्यातच शहाणपण होतं. होल्डन ज्याला त्याला ढोंगी म्हणतो ते या हवेत.

पण त्याचं खरं दुखणं घरातलं आहे. कोसलात धाकटी बहीण जाते, इथे धाकटा भाऊ. ॲली गेला १८ जुलै १९४६ ला, ल्युकेमियाने. त्याचा डावखुरा बेसबॉलचा ग्लोव्ह होता, त्यावर त्याने हिरव्या शाईने कविता लिहून ठेवलेल्या, बॅटिंगला कोणी नसलं की मैदानात उभ्याउभ्या वाचायला. तो गेला त्या रात्री तेरा वर्षांचा होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि मुठीने सगळ्या काचा फोडल्या, अजूनही त्याला ती मूठ नीट वळता येत नाही. ल्युकेमियाच्या मुलांवर औषधाने तात्पुरता का होईना गुण येतो हे बोस्टनच्या सिडनी फार्बरने छापलं जून १९४८ मध्ये, म्हणजे ॲली गेल्यावर दोन वर्षंही झाली नव्हती. ही तारीख पहिल्यांदा जुळवून बघितली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं.

कथा घडते १९४९ च्या ख्रिसमसच्या तोंडावर. रशियानेही अणुबॉम्ब फोडला हे अमेरिकेला त्याच सप्टेंबरात कळलं होतं. अणुबॉम्ब निघाला ते बरंच झालं, पुन्हा युद्ध झालं तर मी आपण होऊन त्याच्यावरच जाऊन बसेन, असं होल्डन म्हणतो. वर्गात यावर पोरं हसतात. पण जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं, आणि जून १९५१ मध्ये, पुस्तक दुकानात यायच्या महिनाभर आधी, सक्तीच्या भरतीचं वय साडेअठरावर आणणारा कायदा झाला. कादंबरीतल्या तारखांवरून हिशोब केला तर तेव्हा होल्डनला अठरा लागून गेले होते.