आगमनकाळातील प्रीती

नाताळाआधीचे चार रविवार आणि त्यांमागून येणारे दिवस म्हणजे आगमनकाळ. या काळात ख्रिस्ती मंडळी जिला प्रीती म्हणते ती मुख्यतः तयारी आहे : येणाऱ्या प्रभूसाठी जागा करायची, आणि ती शेजाऱ्याच्या गरजेत करायची. नव्या करारातील ‘अगापे’ या ग्रीक शब्दासाठी मराठी पवित्र शास्त्रात ‘प्रीती’ हा शब्द रुळला. ‘देव प्रीती आहे’ (१ योहान ४:८) हे वचन रविवारच्या शाळेतली मुलेही पाठ म्हणतात. समोरचा माणूस आवडो वा न आवडो, परतफेडीची आशा न धरता त्याचे भले करणे, हा त्या शब्दाचा गाभा.

आगमन दोन अर्थांनी घेतले जाते : बेथलेहेमातला जन्म आणि ख्रिस्ताचे पुन्हा येणे. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी या दोहोंच्या मधले तिसरे आगमन सांगितले, ते विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणातले. दुसऱ्या आगमनाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, काय विचारील, हे मत्तय २५ मध्ये स्पष्ट आहे : भुकेल्याला जेवू घातले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याच्या भेटीला गेलात का. म्हणून या काळातल्या प्रीतीला कामांची यादी असते.

पहिला रविवार ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये येतो. नागपूरच्या मंडळ्यांसाठी त्याला आणखी एक अर्थ आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा मंडळ्या (वेगवेगळ्या चर्चसंस्था) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, आणि तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. अवघड प्रश्नांपैकी एक बाप्तिस्म्याचा : तान्ह्या बाळाचा करावा की स्वतः विश्वास कबूल करणाऱ्याचाच? शेवटी दोन्ही रीतींना जागा ठेवली गेली. दुसऱ्याची रीत न मोडता त्याच्यासोबत एका मेजावर बसणे, हे प्रीतीचे या शहरातले ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

घरात आणि देवळात या काळाची खूण म्हणजे आगमनचक्र. जर्मन पाद्री योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये हॅम्बुर्गमधील निराधार मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ही पद्धत पसरली. आज चार मेणबत्त्या लावतात, दर रविवारी एक वाढवत. क्रम बहुतेक ठिकाणी आशा, शांती, आनंद, प्रीती असा. काही मंडळ्यांत वेगळा. तीन जांभळ्या, एक गुलाबी. इथे नेहमीची चूक होते : गुलाबी रंग पाहून ती प्रीतीची समजली जाते. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. या क्रमात प्रीतीची चौथी, जांभळी. जांभळी न मिळाल्यास पांढऱ्या मेणबत्तीला जांभळी फीत बुंध्याशी बांधावी, ज्योतीजवळ नाही.

चक्रासाठी पितळी परातीत ओली वाळू भरून मेणबत्त्या निदान ४ सेंटिमीटर खोल रोवाव्यात आणि कडेने मोरपंखी किंवा सुरूच्या डहाळ्या लावाव्यात. नागपूरच्या कोरड्या थंडीत डहाळ्या आठवड्याभरात वाळतात आणि तिसऱ्या रविवारपर्यंत ठिणगीने पेटण्याजोग्या होतात. दर शनिवारी डहाळ्या बदलाव्यात, वाळूवर पाणी शिंपडावे. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, म्हणून ती सर्वांत आखूड दिसते. ती मध्येच बदलू नये. वाट पाहण्याचे माप तिच्यातच दिसते.

योहान बाप्तिस्माकर्त्याचा उपदेश (लूक ३:११) नेमका आहे : ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा. डिसेंबरात नागपुरात रात्री पारा बरेचदा १० ते १२ अंशांवर येतो, आणि विदर्भभरातून आलेले रुग्णांचे नातेवाईक सरकारी दवाखान्यांच्या आवारात उघड्यावर झोपतात. तिथे २४ तारखेला केक नेण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात पांघरूण नेलेले बरे. घोंगडी किंवा जाड ब्लँकेट द्यावे. दान म्हणून स्वस्तात घेतलेले पातळ ब्लँकेट पहाटेच्या गारव्यात कामाचे नाही. जुने कपडे धुऊन, बटणे लावून, मापाप्रमाणे बांधून द्यावेत. घेणाऱ्याचा फोटो काढू नये. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये (मत्तय ६:३), हा नियम मोबाईललाही लागू आहे.

समेट हे सर्वांत कठीण काम. वेदीजवळ आल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे (मत्तय ५:२३-२४). यासाठी चौथ्या रविवारची वाट पाहू नये. नाताळ सोमवारी आला तर आगमनकाळ २२ दिवसांचाच होतो आणि चौथा रविवार २४ डिसेंबरलाच येतो. २०२३ मध्ये असे झाले, २०२८ मध्ये पुन्हा होईल. त्या दिवशी सकाळी प्रीतीची मेणबत्ती आणि संध्याकाळी नाताळची उपासना. करंज्या-चकल्यांच्या गडबडीत बोलणे टाकलेल्या जावेच्या किंवा भावाच्या घरी जायला उसंतच उरत नाही. ती भेट तिसऱ्या आठवड्यात उरकावी, फराळाचा डबा न घेता, मोकळ्या हातांनी.