हवाई अंतर व उड्डाणकाल

दोन शहरांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागालगत मोजलेले किमान अंतर म्हणजे हवाई अंतर. पृथ्वी गोल मानल्यास ते दोन्ही स्थानांतून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताच्या (पृथ्वीच्या केंद्रालाच आपले केंद्र मानणाऱ्या वर्तुळाच्या) लहान कंसाएवढे भरते. न्यूयॉर्क आणि माद्रिद दोन्ही ४०° ते ४१° उत्तर अक्षांशांदरम्यान आहेत. तरीही अक्षवृत्त धरून थेट पूर्वेकडे गेल्यास सुमारे ५,९५० किमी., तर बृहद्‌वृत्तावरून सुमारे ५,७७५ किमी. अंतर पडते. हा जवळचा मार्ग मध्यावर ४६° उत्तरेपर्यंत चढतो आणि मर्केटरच्या नकाशावर (१५६९) विनाकारण वाकडा दिसतो. स्थिर दिशेचा मार्ग व बृहद्‌वृत्त यांतील भेद पोर्तुगीज गणिती पेद्रू नूनिश यांनी १५३७ मध्ये मांडला होता.

अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढण्यासाठी बहुधा हॅव्हरसाइन सूत्र वापरतात. कोज्येच्या (कोसाइनच्या) सूत्रात जवळच्या स्थानांसाठी किंमत १ च्या अगदी निकट येऊन कोष्टकातील अंकांची अचूकता हरवते; हॅव्हरसाइनमध्ये ही अडचण येत नाही. सूत्राचे श्रेय पुष्कळदा इंग्रज गणिती जेम्स इनमन यांना देतात, पण १८३५ मध्ये त्यांनी रूढ केले ते नाव. जेम्स अँड्र्यू यांचे हॅव्हरसाइनचे कोष्टक १८०५ चे आहे, आणि स्पॅनिश नाविक गणिती होसे दे मेंदोसा इ रिओस यांनी हे सूत्र त्याआधीच वापरल्याचे गणिताचे इतिहासकार फ्लोरियन कजोरी यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. हॅव्हरसाइन म्हणजे एकक त्रिज्येच्या वर्तुळातील उत्क्रमज्येची (१ वजा कोज्या) निमपट, आणि उत्क्रमज्या सूर्यसिद्धान्तात येते. तेवढ्यावरून हे सूत्रही तेथे होते असे मात्र म्हणता येत नाही.

गोलासाठी सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. घेतात. प्रत्यक्षात विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येहून सुमारे २१ किमी. जास्त असल्याने उत्तरात ०.५ टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. थॅडियस व्हिन्सेंटी यांची विवृत्ताभावरील (ध्रुवांशी चपट्या गोलावरील) पद्धत (१९७५) मिलिमीटरपर्यंत अचूक आहे. परंतु पृथ्वीवर जवळजवळ परस्परविरुद्ध असलेल्या स्थानांसाठी ती कधीकधी उत्तराकडे अभिसरतच नाही. शहराचा मध्य धरावा की विमानतळ, यानेही आकडा बदलतो. हवाई वाहतुकीत अंतर सागरी मैलांत (१,८५२ मी.) देतात.

उड्डाणकालाचा ढोबळ अंदाज अंतराला ताशी ८०० ते ९०० किमी. वेगाने भागून आणि चढणे-उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवून काढतात. वेळापत्रकातला काळ यापेक्षा मोठा असतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंतची हालचालही धरलेली असते. मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून वाहणाऱ्या जेट प्रवाहामुळे (उंचावरील वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यामुळे) पूर्वेकडचे उड्डाण लवकर संपते. न्यूयॉर्कहून लंडनला एरवी साडेसहा-सात तास लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या साहाय्याने एक बोईंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. बंद हवाई क्षेत्रे टाळण्यासाठीचे वळसे कोणत्याही सूत्रात येत नाहीत.