मज्जातंतू कलमातील रक्तवाहिनीवर्धन

हातापायातली नस, म्हणजे संदेश वाहणारा मज्जातंतू, तुटून मध्ये अंतर पडले की तिथे नसेचाच दुसरा तुकडा, म्हणजे कलम (ग्राफ्ट), बसवतात. त्या कलमात नव्या रक्तवाहिन्या लवकर आणि नीट दिशेने फुटाव्यात म्हणून केलेल्या उपायांना रक्तवाहिनीवर्धन म्हणतात.

कोल्हापूर भागात अशा जखमा नेहमीच्या आहेत. कुठे ऊसतोडीचा कोयता लागतो, कुठे गुऱ्हाळाच्या घाण्यात हात जातो, कुठे चप्पल कारागिराची रापी निसटते. लोक ‘शीर तुटली’ म्हणतात. त्या एका शब्दात रक्तवाहिनी, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि मज्जातंतू तिन्ही येतात. रक्त थांबले, टाके पडले की घरचे निर्धास्त होतात आणि बोटांचा बधिरपणा ‘जाईल हळूहळू’ म्हणून महिने निघून जातात. हा उशीर फार महागात पडतो. मज्जातंतू दिवसाला साधारण 1 मिलीमीटर वाढतो आणि संदेश न मिळालेला स्नायू 12 ते 18 महिन्यांत कायमचा निकामी होऊ लागतो.

बहुतेक वेळा कलम पोटरीतल्या सुरल नसेचे घेतात. त्याची किंमत पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येऊन मोजावी लागते. नवी कोल्हापुरी चप्पल तिथे चावली तरी कळत नाही. काढलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिले काही दिवस तो आसपासच्या द्रवावर तगतो, मग दोन्ही टोकांकडून आणि भोवतालच्या मांसातून रक्तवाहिन्या आत शिरतात. उसाची कांडी सरीत लावली तरी पाणी फिरल्याशिवाय कोंब धरत नाही, तसेच हे. जाड कलमाचा गाभा रक्त पोहोचण्याआधीच मरतो, म्हणून बारीक तुकडे शेजारी शेजारी बसवतात. ही पद्धत 1970 च्या दशकात शल्यविशारद हान्नो मिलेसी यांनी रुजवली. भोवतालची जागा व्रणांनी कडक झाली असेल तर कलम स्वतःच्या धमनीसह नेऊन ती सूक्ष्मदर्शकाखाली जोडता येते. टेलर आणि हॅम या शल्यविशारदांनी 1976 मध्ये त्याचे वर्णन केले.

रक्त केवळ अन्न पुरवते, असे बराच काळ मानले जाई. 2015 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर त्यापलीकडचे दाखवले, आणि या विषयातला सर्वांत सुंदर शोध मला तोच वाटतो. तुटलेल्या दोन टोकांमधल्या भागात प्राणवायू कमी पडतो. ते ओळखून तिथल्या भक्षकपेशी (मॅक्रोफेज) व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात, त्याच्या ओढीने रक्तवाहिन्या वाढतात, त्यांना धरून श्वान (Schwann) पेशी, म्हणजे मज्जातंतूच्या तंतूंना वेढणाऱ्या आधारपेशी, सरकतात आणि त्यांच्या मागून तंतू जातात. रक्तवाहिन्यांची दिशा चुकवली तेव्हा श्वान पेशीही भरकटल्या.

म्हणून आता कलमाऐवजी कोलॅजन, कायटोसन अशा जैविक पदार्थांच्या पोकळ नळ्यांत व्हीईजीएफ किंवा रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी भरून पाहतात. काही न भरलेल्या साध्या नळ्यांवर 3 सेंटीमीटरपलीकडच्या अंतरासाठी सहसा भरवसा ठेवत नाहीत. ती मर्यादा ओलांडायची धडपड आहे. मात्र व्हीईजीएफ जास्त झाले तर वाहिन्या गळक्या आणि वेड्यावाकड्या होतात, त्यामुळे मात्रा आणि वेळ यांवरच सगळे अडते. यातले बरेचसे काम अजून प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहे.

शस्त्रक्रियेत आज हाती असलेले उपाय साधे आहेत: मेलेला भाग पूर्ण काढणे, कलमावर ताण येऊ न देणे, ते निरोगी मांसात ठेवणे. तंबाखू बंद करायला सांगतात, कारण निकोटीनने बारीक वाहिन्या आकसतात. पुढच्या तपासणीत डॉक्टर नसेच्या वाटेवर बोटाने टकटक करतात. मुंग्या येण्याची जागा महिन्याला सुमारे 3 सेंटीमीटर पुढे सरकत असेल, तर तंतू कलम ओलांडून चालले आहेत.